कमाल सरखोत जेराशला जातो

कमाल सरखोत तीस वर्षं बहरैनमध्ये लोकांच्या घरांत फरशा बसवत होता, पण आपण बसवलेल्या फरशीवर चालायचा योग त्याला कधी आला नव्हता. या कामात माणूस फरशीवर असतो तो गुडघ्यांवरच. शेवटची ओळ भरायची, सांध्यांत ग्राउट घालायचं, ओल्या स्पंजानं पुसत पुसत मागं सरकायचं, दाराबाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं. फरशी पक्की व्हायला एक दिवस जातो. तोवर कमाल दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात दोरी धरून बसलेला असायचा. त्या घरात मग कोण राहायला आलं, कुणाची मुलं तिथं रांगली, हे त्याला कळत नसे, आणि खरं सांगायचं तर कळावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो मूळचा मंडणगड तालुक्यातला. वडील चिरेखाणीवर कामाला होते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर नुसतं बोटानं टकटक करून तो टिकेल की फुटेल हे ते सांगायचे. कमालला ती विद्या पुरती आली नाही, पण दगडाकडं बघत बसायची सवय लागली. तेविसाव्या वर्षी तो 'टाइल मेसन' असं लिहिलेल्या व्हिसावर बहरैनला आला. दहा वर्षं कामगारांच्या कॅम्पात काढली, मग फोरमन झाला, तेव्हा कुठं बायकोला इकडं आणता आलं. आता ईसा टाउनमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो, बायको अख्तरुन्निसा आणि मुलगी हुदा असे तिघं राहत. हुदा बारावीला होती. तिला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये यायचं. बाप मराठीत विचारायचा, लेक इंग्लिशमध्ये सांगायची, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

सगळं सुरू झालं ते सनद भागातल्या एका अंगणापासून. अंगण होतं मुनीरा नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. इथं शाळेतल्या बाईंना 'अबला' म्हणतात. अबला मुनीरा असं नाव अख्तरुन्निसानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आवरेना, कारण बाई चांगल्या उंचनिंच, खणखणीत आवाजाच्या होत्या आणि चाळीस वर्षं भूगोल शिकवून त्यांनी तीन पिढ्यांना धाकात ठेवलं होतं. त्यांच्या अंगणात मधोमध बदामाचं जुनं झाड होतं. त्याच्याभोवती त्यांना दगडी फरशी हवी होती, आणि ती चौकोनी नको, गोलही नको. लंबगोल हवी होती.

कमालनं आयुष्यभर गुण्या लावून काटकोन काढले होते. पहिल्या दिवशी त्यानं दोरी बांधून लंबगोल आखला, तो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी दगड लावायला घेतले आणि सगळं बिघडलं. वळणावर दगड कापावे तर तुकडे पडत, न कापावे तर ओळ झाडाच्या अंगावर जाई. तीन दिवसांत त्यानं तीनदा ओळी उखडल्या. चौथ्या दिवशी अबला मुनीरा आतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि त्यांनी त्याच्यापुढं एक पान उघडलं.

पानावर एक चौक होता. भलाथोरला, लंबगोल, कडेनं खांबांची रांग, आणि खाली सगळी दगडी फरशी. फरशीच्या ओळी खांबांबरोबर वळत गेल्या होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग जावेत तशा. बाईंनी सांगितलं की हे जेराश, जॉर्डनमध्ये आहे, रोमन लोकांच्या वेळचं गाव, दोन हजार वर्षांच्या आसपासचं. बाईंचे यजमान जिवंत असताना दोघं तिथं गेले होते, आणि लंबगोलाचं वेड तेव्हापासूनचं.

कमालनं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत व्हॅनमध्ये बसून तो मोठा करून करून पाहिला. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग दिसलं. एकही दगड वाकडा कापलेला नव्हता. सगळे सरळ कडांचेच होते. वळण होतं ते सांध्यांत. आतल्या कडेला सांधा अगदी बारीक, बाहेरच्या कडेला केसभर जास्त रुंद. असं केस केस करत सबंध चौक वळवला होता. शेजारी व्हॅनचा ड्रायव्हर बाळाजी डबा खात होता. तो गुहागरकडचा, अठरा वर्षं कमालबरोबर होता. त्याला कमाल म्हणाला, "दगड वाकवायचा नाही रे. सांधा वाकवायचा."

बाळाजीला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली.

अंगण पुरं व्हायला पाच आठवडे लागले. एका ठिकाणी, जिथं लांब वळण संपून आखूड वळण सुरू होतं, तिथं त्याला दगडाची एक चिंचोळी कपची घुसवावी लागली, बाकी सगळं मनासारखं झालं. काम संपलं त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे हत्यारं गोळा करून मागच्या दारानं निघाला, तर बाईंनी हाक मारली. त्यांनी दोन पेले चहा आणला होता. फरशीच्या कडेला उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आधी तू चाल."

कमालला वाटलं, आपल्याला अरबी नीट कळलं नाही. बाईंनी हातानं खूण केली. मग त्यानं बूट काढले आणि तो झाडाभोवती एक फेरी चालून आला. दोन मिनिटांचं काम. पण ती फेरी पुरी करून परत आला तेव्हा बूट घालायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. चहा पिताना बाईच बोलल्या. तू जेराश बघायला हवंस, त्या म्हणाल्या, लांब नाही, विमानानं तीन तास सुद्धा नाहीत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत. हे शब्द त्याच्या डोक्यात जाऊन बसले ते बसलेच.

पुढची तीन वर्षं कमाल तो दिवस मनात चालत होता. सकाळी व्हॅन सनाबिसकडं निघाली की तो खिडकीला डोकं टेकायचा आणि त्याचं विमान उतरायचं. मग डोंगरातला रस्ता लागायचा, दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं, मग मोठी कमान, मग चढ, आणि मग चौक. मनातल्या त्या चौकात कधी ऊन असायचं, कधी बारीक पाऊस पडून फरशी ओली चमकत असायची. कधी तो मधोमध उभा असायचा आणि खांब त्याच्याभोवती हळूहळू फिरायचे. एवढ्यात व्हॅन थांबायची, बाळाजी म्हणायचा, "कमालभाई, यल्ला," आणि मॉलमागच्या कुठल्या तरी नव्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर बाथरूमची भिंत त्याची वाट बघत असायची.

बाळाजीला हे सगळं माहीत झालं होतं. एकदा त्यानं सरळ विचारलं की जुनंच बघायचं तर इथं समुद्रकाठी किल्ला आहे, आली गावाला जाताना रस्त्याच्या कडेला हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे उंचवटे आहेत, तिकडं जाऊ की शुक्रवारी. कमाल म्हणाला की ते सगळं त्यानं पाहिलंय, चांगलंच आहे, पण तिथं फरशी नाही.

हुदाला मात्र या बेतात मनापासून रस वाटू लागला. सुरुवातीला तिला वाटलं होतं की अब्बांना रोमला जायचंय. "इट्स नॉट इन रोम, अब्बा," असं तिनं त्याला चार वेळा समजावलं आणि चारही वेळा त्यानं शांतपणे सांगितलं की मला माहीत आहे. मग तिनं लॅपटॉपवर सगळं शोधून काढलं. विमानाच्या वेळा, व्हिसाचे नियम, विमानतळापासून टॅक्सीला लागणारा वेळ, जेराशचं दार किती वाजता बंद होतं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजात दिवसाचे दोन तुकडे होतात म्हणून तिनं शनिवार ठरवला. बघायच्या गोष्टींची यादी केली. चौक, खांबांचा लांब रस्ता आणि त्यावर दगडात उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, दगडी पायऱ्यांचं नाट्यगृह, देवळाच्या खांबांतला एक जो हलतो असं म्हणतात तो. प्रत्येक गोष्टीपुढं तिनं मिनिटं लिहिली. चौकापुढं वीस मिनिटं होती. कमालनं ती खोडायला लावून चाळीस करून घेतली.

नकाशा कमालनं स्वतः केला. कामावर उरलेले टाइलचे तुकडे तो पिशवीतून आणायचा आणि गॅलरीत जमिनीवर मांडायचा. पांढरे तुकडे म्हणजे रस्ता, करडे म्हणजे भिंती, आणि मधला लंबगोल त्यानं नखाएवढ्या तुकड्यांचा केला, सांधे वाकवत. हुदा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायची आणि सांगायची की अब्बा, नाट्यगृह अजून डावीकडं. तो तुकडा उचलून डावीकडं ठेवायचा. चिकटवलं काहीच नाही. नुसतं मांडून ठेवलं.

अख्तरुन्निसाला हे अजिबात पसंत नव्हतं. तिचा राग नव्हता, तिला ते समजतच नव्हतं. तिच्या लेखी माणूस प्रवासाला निघतो ते कुणाकडं तरी. गावाला जातो, लग्नाला जातो, दर्ग्याला जातो, आजाऱ्याला बघायला जातो. एका रात्रीचाही मुक्काम नाही, कुणाचा दरवाजा नाही, अशा गावी जायचं तरी कशाला? एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तिथं आपलं कोण आहे?"

"कुणी नाही," कमाल म्हणाला.

"मग?"

त्यानं तव्याखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाला, "अख्तर, जिथं आपलं कुणी नाही आणि कामही नाही, अशा ठिकाणी मी आजवर गेलोच नाही. कसं वाटतं ते बघायचंय."

तिनं भाकरी उलटली आणि विषय बदलला.

बेत दोनदा पुढं ढकलावा लागला. एकदा मंडणगडला भावाच्या मुलीचं लग्न निघालं, सगळी रजा त्यात गेली. दुसऱ्यांदा अख्तरुन्निसाची आई आजारी पडली. तिसऱ्यांदा मात्र तिकीट काढलं. जूनमधला शनिवार होता. रजेसाठी तो मॅनेजरकडं गेला तेव्हा मॅनेजरनं आधी हळू आवाजात विचारलं की घरी कुणी गेलं का. एका दिवसाची रजा कमालनं कधी मागितलीच नव्हती. नाही, बरे आहेत सगळे, एक जागा बघायला जायचंय, असं त्यानं सांगितलं. मॅनेजरनं फॉर्मवर सही केली, पण त्याच्या चेहऱ्यावरचं कोडं काही सुटलं नाही.

आणि मग त्याच जूनमध्ये शेजारच्या देशांवरून क्षेपणास्त्रं जाऊ लागली आणि विमानं बंद झाली. आकाशच बंद झालं. लोक मोबाइलवर बातम्या बघत बसले, शाळांच्या ग्रुपवर सूचना येऊ लागल्या, गावाकडून फोन यायला लागले की सुखरूप आहात ना. अशा वेळी जेराशचं नाव काढायची कमाललाच लाज वाटली. तिकीट रद्द झालं. काही दिवसांनी आकाश उघडलं, विमानं पूर्वीसारखी उडू लागली, पण त्यानं नवं तिकीट काढायला सांगितलं नाही. एका सकाळी त्यानं गॅलरीतले सगळे तुकडे गोळा केले आणि बादलीत भरून ठेवले. व्हॅनमध्ये तो आता खिडकीला डोकं टेकत नसे. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडं बघत बसायचा. बाळाजीनं एकदोनदा विषय काढून पाहिला. कमाल म्हणाला, "खलास, बाबा. वय झालं."

पुढं काय झालं ते त्याला अख्तरुन्निसानंच नंतर सांगितलं. ती रोज गॅलरीत कपडे वाळत घालायची. तो नकाशा मांडलेला असताना तिला तिथं धड पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला खेटून, अंग चोरून ती त्याच्या कडेनं जायची आणि मनातल्या मनात करवादायची. तुकडे उचलले गेले, जागा मोकळी झाली. महिना दीड महिना गेला. आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी ओली चादर खांद्यावर टाकून ती दोरीकडं निघाली असताना तिच्या ध्यानात आलं की आपण अजूनही भिंतीला खेटूनच चाललो आहोत. जमिनीवर काही नव्हतं. धूळ होती. तरी पाय त्या लंबगोलाच्या कडेकडेनंच जात होते. ती तिथंच चादर घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, इथं मधे काहीतरी होतं आणि आपण ते पाहिलंच नाही.

त्याच दिवशी तिनं हुदाला क्लासवरून आल्या आल्या सांगितलं की अब्बांचं तिकीट परत काढ, थंडीतलं काढ, आणि एक नको, दोन काढ. हुदानं "सीरियसली, अम्मी?" असं तीनदा विचारलं. कमाल कामावरून आला तेव्हा ताटाशेजारी कागद ठेवलेला होता. त्यानं तो वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला.

"तू कशाला येतेस?" त्यानं विचारलं. "तिथं आपलं कुणी नाही."

"तू आहेस की," अख्तरुन्निसा म्हणाली आणि आमटी वाढायला आत गेली.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी बाळाजीनं त्यांना विमानतळावर सोडलं. अख्तरुन्निसानं पिशवीत घावन, सुकी चटणी आणि उकडलेली अंडी घेतली होती, कारण परमुलखात काय मिळेल याची तिला खात्री नव्हती. हुदा परीक्षेमुळं मैत्रिणीकडं राहिली होती. विमान उतरलं, टॅक्सी मिळाली, आणि कमालला एकदम ओळखीचं वाटू लागलं, कारण डोंगरातला तो रस्ता त्याच्या मनातल्या रस्त्यासारखा मुळीच नव्हता आणि तरी तोच होता. झाडं कमी होती, दुकानं जास्त. हवेत गारवा होता. कमान आली, चढ आला. दुसरं दार ओलांडून ते दोघं आत गेले आणि समोर चौक उघडला.

तो काठावरच थांबला. खांब होते, मोठं मोकळं आकाश होतं, चारदोन माणसं लांबवर फिरत होती. फरशीच्या ओळी त्याच्या पायांपासून निघून दूर वळत गेल्या होत्या. अख्तरुन्निसा चार पावलं पुढं गेली, मागं वळली. तो उभाच होता. काय झालं म्हणून तिनं विचारलं. काही नाही, तो म्हणाला, तू चाल, मी येतो. बराच वेळ तो येईना. शेवटी ती परत आली, तिनं त्याच्या बाहीला धरलं आणि त्याला आत नेलं.

मग तो जो सुटला तो सुटलाच. एक ओळ धरून तो तिच्याबरोबर कडेपर्यंत गेला, दुसरी धरून परत आला. कुठं दगड इतके झिजले होते की मधे वाटीसारखा खळगा पडला होता. कुठं सांध्यांतून गवत उगवलं होतं. एका ठिकाणी पाचसहा ओळी मात्र अशा बसल्या होत्या की तो त्यांच्यापाशी थांबलाच. सांधे त्या पुस्तकातल्यासारखे, आत बारीक, बाहेर केसभर जास्त रुंद. तो गुडघ्यांवर बसला आणि सांध्यात करंगळीचं नख घालून बघू लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. पहारेकरी होता, पन्नाशीचा, डोक्याला लाल-पांढरा रुमाल. काय हरवलं का, असं तो विचारत होता.

कमालला उठवेना. गुडघा धरला होता. बसल्या बसल्याच त्यानं फरशीवर हात ठेवून सांगितलं, "अना मुबल्लित." मी फरशीवाला आहे.

पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. त्यानं हात देऊन कमालला उठवलं. मग कमालनं मोडक्यातोडक्या अरबीत त्या ओळी दाखवून सांगितलं की सगळ्या चौकात हे काम सगळ्यात चांगलं आहे, ज्यानं कुणी हे केलं तो त्या काळचा मोठा कारागीर असणार. पहारेकरी हसायला लागला. या ओळी मधे खचल्या होत्या, तो म्हणाला, दुरुस्तीच्या वेळी त्या उचलून परत बसवल्या. बसवणाऱ्यांत माझा बाप होता.

कमालनं परत एकदा त्या ओळींकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता आपल्याला वाईट वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "आहेत का ते?"

होते. गावातच होते, ओढा ओलांडला की दहा मिनिटांवर. पहारेकऱ्याचं नाव नाएफ. त्याची जेवणाची सुट्टी आता होणारच होती. घर दाखवतो, चहा घ्या, म्हातारा खूष होईल, असं तो म्हणाला.

कमालनं घड्याळ बघितलं. हुदाच्या कागदावरचं रस्ता, चाकोऱ्या, नाट्यगृह, हलणारा खांब, सगळं अजून व्हायचं होतं, आणि चारला टॅक्सी येणार होती. तीन वर्षं मनात चाललेला तो रस्ता खांबांच्या पलीकडं सरळ पुढं गेलेला दिसत होता. तो अख्तरुन्निसाकडं वळला. तिला अरबी त्याच्याइतकं येत नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं.

"रस्ता काही पळून जात नाही," ती म्हणाली. "माणूस म्हातारा आहे. चल."

घर चढावर होतं, दाराशी द्राक्षाचा वेल, पानं गळून गेलेला. म्हातारा उन्हात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर घोंगडी. त्याचं वय ऐंशीच्या घरात असावं. नाएफनं कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं की हा बहरैनहून आलाय, हिंदुस्तानी आहे, फरशीवाला आहे. म्हाताऱ्यानं कमालला आपादमस्तक न्याहाळलं, मग काठीनं त्याच्या गुडघ्याकडं बोट केलं आणि विचारलं, "कोणता?"

"उजवा," कमाल म्हणाला.

"माझे दोन्ही," म्हातारा म्हणाला, आणि शेजारचं स्टूल त्याच्याकडं सरकवलं.

नाएफची आई अख्तरुन्निसाला हात धरून आत घेऊन गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला आणि थोड्या वेळानं दोघींच्या हसण्याचा. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. पुढं सुवासिक पानं घातलेला चहा आला, आणि त्याच्याबरोबर अख्तरुन्निसाचे घावन ताटलीत मांडून आले. म्हाताऱ्यानं एक घावन उचलला, उन्हात धरून त्याची जाळी बघितली आणि चटणीला लावून खाल्ला.

कमालनं विचारलं की वळणावरचा सांधा तुम्ही कसा धरलात, दोरीनं की अंदाजानं. म्हातारा म्हणाला की आम्ही काहीच धरलं नाही. सगळं धरूनच ठेवलेलं होतं. दगड उचलला की त्याच्या कडा बघायच्या. शेजाऱ्याला घासून घासून कडेला झीज येते. ज्याची झीज ज्याला जुळेल त्याच्याशेजारी त्याला बसवायचं. चुकून दुसरीकडं बसवला तर तो हलतो. रुसतो, असा शब्द त्यानं वापरला. एक ओळ लावायला कधी कधी आठवडा जायचा. साहेब लोक रागवायचे. तो सांगत होता आणि त्याचे हात हवेत दगड उचलून फिरवत होते. त्या हातांकडं बघता बघता कमालला वाटलं, आपण कुठल्या तरी खाणीवर लहानपणी बसलोय आणि दुपार संपतच नाही.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "तुझी फरशी कुठं आहे?"

 तीस वर्षांत बसवलेल्या फरशा कुठं कुठं होत्या, कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या गालिच्याखाली. कमालनं मोबाइल काढला आणि सनदचं अंगण दाखवलं. म्हाताऱ्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बोटानं त्याला जमेना, नाएफनं फोटो मोठा करून दिला. म्हातारा बोटानं झाडाभोवती हळूहळू सबंध फिरून आला, आणि लांब वळण संपून आखूड वळण सुरू होतं तिथं त्याचं बोट थांबलं.

"इथं अडलास," तो म्हणाला.

कमाल हसू लागला. त्याला हसू थांबवता येईना. डोळ्यांत पाणी आलं तरी तो हसतच होता, आणि म्हाताराही तोंडाचं बोळकं उघडून, घोंगडीवर हात आपटत हसायला लागला. आतून दोघी बायका दारात आल्या आणि ही दोन माणसं कशाला हसताहेत म्हणून बघत राहिल्या.

टॅक्सी नाएफनं घरापाशीच बोलावून घेतली. निघताना नाएफच्या आईनं घरच्या जैतुनांची बरणी अख्तरुन्निसाच्या पिशवीत घातली आणि तिचे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले. म्हातारा उठला नाही. त्यानं बसूनच कमालचा हात धरला, उलटा करून तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपून पाहिले, आणि हात सोडून दिला. पुन्हा या वगैरे कुणी म्हणालं नाही.

गाडी गावाबाहेर पडली. उजवीकडं उतारावर तो चौक क्षणभर दिसला, तिरपं ऊन पडून खांबांच्या सावल्या लांब झालेल्या, मग एक वळण आलं आणि इमारती आड आल्या. अख्तरुन्निसा आत काय काय झालं ते सांगू लागली. त्या बाईंना चार मुली, एक दुबईला, धाकटीचं लग्न ठरत नाही. घावनाचं पीठ कसं करतात ते तिनं हातवारे करून सांगितलं, तांदळाचा अरबी शब्द मात्र दोघींना माहीत होता. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की कमाल हुं म्हणत नाही. त्याला झोप लागली होती. मान वाकून डोकं तिच्या खांद्यावर आलं होतं, तोंड थोडं उघडं होतं. त्याच्या केसांना कसला तरी कोरडा, दगडाच्या धुळीचा वास येत होता. टॅक्सीवाल्यानं आरशात पाहिलं आणि रेडिओचा आवाज कमी केला. अख्तरुन्निसानं बरणी पायांत नीट उभी केली, दुसरा हात खिडकीच्या काचेला टेकवला आणि ओळखीचं काहीच नसलेले ते डोंगर ती एकेक करून बघत राहिली.